बाई चढल्या नाहीत तो बुरूज

आमच्या शाळेत पोरं मला मॅडम म्हणायची आणि त्यांना बाई. इंग्रजी शिकवते ती मॅडम, मराठी शिकवते ती बाई, ही वाटणी गंगाखेडच्या पोरांनी परस्परच करून टाकली होती आणि मला ती मनापासून पसंत होती. वीस-बावीस वर्षं आम्ही दोघी स्टाफरूममध्ये एकाच टेबलाला बसलो, डब्यातल्या भाज्या अदलाबदल करून खाल्ल्या, एकमेकींचे तास सांभाळले. त्यातला बराचसा काळ मी बाईंपेक्षा एक पायरी वर आहे असं समजून सुखात होते. मग बाई इंग्लंडला जाऊन आल्या.

एवढं वाक्य लिहितानासुद्धा माझ्या पोटात दुखतं. साधं 'थँक्यू' म्हणायचं तर ज्यांना आधी पदर सारखा करावा लागायचा, त्या बाई! आणि मी इथंच.

माझी बाजू ऐकून घ्या. मी चुडाव्याची. रोज पॅसेंजरनं परभणीला कॉलेजात जायचे. आमच्या वस्तीतली मी पहिली एम. ए., तीही इंग्रजीत. विहारात माझा सत्कार झाला तेव्हा भाषण करणाऱ्या काकांनी माईकवरून सांगितलं की ही पोरगी एक दिवस विलायतेला जाणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आईनं डोळे पुसले आणि मी ते खरंच धरून बसले. पुढं सगळी नोकरी न पाहिलेल्या गोष्टी शिकवण्यात गेली. बर्फ शिकवला, धुराडी शिकवली, पडक्या किल्ल्यांतली भुतं शिकवली, दगडी पुलाखालून जाणाऱ्या नद्या शिकवल्या. पोरं विचारायची, "मॅडम, तुमी पाह्यलंय का हे?" मी म्हणायचे, "अजून नाही." त्या 'अजून'वर माझा फार भरवसा होता.

बाई मूळच्या पेडगावच्या, लिंगायत. बुटक्या, अंगानं भरलेल्या, कपाळाला विभूती, आणि गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, जे आंघोळीलासुद्धा उतरायचं नाही. नवरा लवकर गेलेला. एकुलती एक लेक, तिला शिकवून इंजिनियर केलेली. वर्गात त्यांचं मराठी अगदी पुस्तकी असायचं, पण वर्गाच्या दारातून पाऊल बाहेर पडलं की त्या थेट पेडगावला पोचायच्या. माणूस दिसला की पहिला प्रश्न, "कुठल्या तुमी?" आणि दुसरा, "कोणाच्या?" एकदा तपासणीला वरच्या हापिसातून एक मॅडम आल्या. आम्ही सगळे फळे पुसत होतो आणि बाई त्यांना त्यांचं आजोळ विचारत होत्या. त्या मॅडम तपासणी विसरल्या आणि आजोळच्या चिंचेच्या झाडावर तास घालवून, चहा पिऊन निघून गेल्या. माझ्या वर्गात फिरकल्याच नाहीत. आठवडाभर तयारी केलेला माझा धडा तसाच राहिला.

गाव पाहायची बाईंची एक ठरलेली रीत होती. सहलीच्या गाडीत बसल्या की त्या पोरींना ती ऐकवायच्या. "गाव बगायचं तर आधी नदी बगावी, मंग देऊळ, मंग बाजार, अन् शेवटाला मसणवटा. एवढं झालं की गाव कळलं. बाकीचं बगितलं काय अन् न्हाई बगितलं काय." सहल कुठंही जावो, बाई पोरींची रांग आधी नदीवर न्यायच्या. नदी कोरडी असली तर कोरडी. मसणवट्याला मात्र हेडमास्तरांनी सक्त मनाई केली होती, म्हणून तिथं बाई एकट्याच जाऊन यायच्या.

दुसरी रीत याहून चमत्कारिक होती. जिथं जातील तिथं बाई एक गोष्ट पाहायची शिल्लक ठेवायच्या. वेरूळला आम्ही सगळे एका लेण्यातून दुसऱ्या लेण्यात धापा टाकत चाललो होतो आणि बाई एका लेण्याच्या दाराशी येऊन, चपला काढून, बाहेरच सावलीत बसल्या.

"गुडघे दुखतायत का?" मी विचारलं.

"न्हाई वं मॅडम. एक मागं ठेवायचं असतंय."

"कशाला?"

"पुन्ना येणं व्हतं. समदंच बगून टाकलं तर गाव कशाला बोलावंल आपल्याला?"

लग्नाच्या जेवणातसुद्धा त्या एखादा पदार्थ चाखायच्या नाहीत. यजमानीण आग्रह करकरून दमायची. मला असलं काही जमत नाही. मी वेरूळची सगळी लेणी पाहिली, काही तर दोनदा पाहिली. तिकीट काढलं होतं.

बाईंच्या लेकीला दिवस गेले तेव्हा ती नवऱ्याबरोबर इंग्लंडात होती. पहिलं बाळंतपण, म्हणजे आई जाणारच. मला लेक नाही, कारण माझं लग्न नाही. "मॅडमचं लगीन इंग्रजीसंगं लागलंय," असं बाई सगळ्यांना सांगायच्या. असेल. पण त्या सासरी मला कोणी नेलं नाही, आणि या मात्र डिंकाचे लाडू घेऊन तिथं निघाल्या.

जायच्या आधी त्यांना इंग्रजी शिकवायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. मधल्या सुट्टीत मी त्यांना 'हाऊ डू यू डू' घोटवत होते. बाई म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. मला निस्तं 'कुठल्या तुमी' हे शिकवा."

"तिकडं अनोळखी माणसाला असं विचारत नाहीत, बाई."

"मंग बोलायला सुरुवात कशी करतेत?"

"हवेबद्दल बोलतात. आज पाऊस आहे, आज ऊन आहे."

"पाऊस तर समद्यांलाच दिसायलाय की! त्येच्यात काय बोलायचं?" बाईंनी वही मिटून टाकली. त्यापेक्षा बाजारात चला म्हणाल्या, देण्याघेण्याला खण घ्यायचेत. आम्ही खण घेतले. एक होता जांभळा, हिरव्या काठाचा. तो रंग मी निवडला आणि भावही मीच पाडला. ही गोष्ट लक्षात ठेवा.

हैदराबादच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं गळ्यातलं काढायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "जीव काढ, हे निघत न्हाई." रांग थांबली. मग एक वर्दीतली बाई त्यांना बाजूच्या खोलीत घेऊन गेली. तिला बाईंनी विचारलं, "कुठल्या तुमी?" ती निघाली बिदरकडची, यांच्यातलीच. तिनं डबी उघडून पाहिली, हात जोडले आणि बाईंना पार आतल्या खुर्चीपर्यंत सोडून आली. हे सगळं बाईंनीच परत आल्यावर सांगितलं. मला वाटलं होतं, इंग्लंड दहा मिनिटांत आटपेल. यांना काय कळलं असणार? पण डब्याची सुट्टी संपली, ते वर्ष संपलं, इंग्लंड संपेना.

मोठं शहर असतं तर मी सोसलं असतं. हे एक बारकं गाव, नकाशात शोधायला मला भिंग लागलं. दगडी पुलाखालून जाणारी नदी, जुनं चर्च, आठवड्याचा बाजार, गावाच्या डोक्यावर पडका किल्ला आणि गावाबाहेर कोण्या राजानं मोडलेला, छप्पर नसलेला मठ. म्हणजे नेमकं जे मी जन्मभर शिकवत आले, ते सगळं एका जागी गोळा करून या बाईंना दाखवलेलं होतं.

"नदी वढ्याएवढी हाय," बाई सांगायच्या. "पर पाणी बगा, उन्हाळा न्हाई, पावसाळा न्हाई, वाहायलीच." मग देऊळ. "चपला घालून आत जातेत वं! मी काढल्या, पायरीवर ठेवल्या. फरशी अशी गार की पाय हाय का न्हाई कळंना. पुजारीण व्हती तिथली, व्हय, बाईमाणूस पुजारी हाय, तिनं माझ्या पायाकडं बगितलं अन् दुसऱ्या दिशी पायरीपशी चटई टाकली." बाजारात भाजी घेऊन झाल्यावर बाईंनी वर थोडी कोथिंबीर मागितली. लेक लाजेनं लांब जाऊन उभी राहिली. भाजीवाल्यानं दिली. आणि मसणवटा तर देवळाच्या अंगणातच निघाला. बाईंच्या समाजात माणूस गेल्यावर पुरतात, त्यामुळं त्यांना अगदी घरच्यासारखं वाटलं. "आपल्यावानीच पुरतेत. नावं लिवतेत. मी समद्यांची नावं वाचली, इंग्रजीच व्हती पर मोठाल्या अक्षरात व्हती."

मठाबद्दल त्या म्हणायच्या, "छप्पर न्हाई, देव न्हाई, तरी तिकीट हाय. मी आत बसून पूजा केली. म्हणलं, लय दिसाची जागा उपाशी असंल."

सगळ्यात गाजली ती धुरीची गोष्ट. बाळाला न्हाऊ घातल्यावर बाईंनी रीतसर ओवा आणि शेपा निखाऱ्यावर टाकून धुरी दिली. घराच्या छताला धूर ओळखणारं यंत्र होतं, ते बोंबलायला लागलं. लाल बंब आला. आख्खी गल्ली दारात जमा झाली. लेक रडायच्या बेताला आली. म्हणाली, "आई, इथं कधी गल्ली गोळा होत नाही गं." बाई आम्हाला सांगायच्या, "मी म्हणलं, धूर केल्याबिगर कशी व्हईल? आता झालीच हाय तर लाडू आण." बंबवाल्यांनी लाडू खाल्ले. त्या दिवसापासून गल्लीतल्या म्हाताऱ्या रोज बाळ पाहायला यायला लागल्या.

स्टाफरूम हसून हसून लोटपोट व्हायची. मीही हसायचे. मग माझा डबा मला कडू लागायचा.

मला हेवा वाटत होता. त्याला दुसरा शब्द शोधायची गरज नाही. मी प्रश्न विचारून त्यांना अडवायला बघायचे. "किल्ला कोणत्या शतकातला?" बाई म्हणायच्या, "जुना हाय." "पण बांधला कोणी?" "गवंड्यानं." पुन्हा सगळे हसायचे, आणि आता ते मला हसताहेत असं मला वाटायचं. कहर झाला तो नववीच्या वर्गात. मी वसंतातल्या पिवळ्या फुलांची कविता शिकवत होते. दरवर्षी शिकवायचे, त्या फुलांवर माझा हक्कच होता म्हणा ना. मागून एक पोरगी उठली. "मॅडम, ती फुलं बाईंच्या दारात होती. त्या रोज देवाला वाहायच्या. वास नसतो म्हणल्या त्यांना." वर्ग माझ्याकडं पाहत राहिला. मी पुस्तक मिटलं आणि पोरांना व्याकरण दिलं.

त्याच वर्षी हेडमास्तरांनी शाळेत 'इंग्लंडचे अनुभव' या विषयावर भाषण ठेवलं. वक्त्या कोण ते सांगायला नको. प्रास्ताविक मला करायला लावलं.

एवढ्या काळात मला बरं वाटावं असं एकच वाक्य बाईंच्या तोंडून आलं. मी विचारलं होतं, "किल्ल्याच्या बुरुजावरून काय दिसतं?" बाई म्हणाल्या, "वर न्हाई गेले. पायरीपस्तोर रोज जायची. बुरूज मागं ठेवला."

म्हणजे एक जागा होती. त्या बारक्या गावात एक तरी जागा अशी होती, जिथं बाई पोचल्या नव्हत्या. पुढं लेक आणि जावई ते गाव सोडून लांब दुसऱ्या शहरात राहायला गेले. बाईंचं तिथं परत जाणं राहिलंच. एरवी मला वाईट वाटलं असतं. पण मी मनात बुरूज धरून ठेवला होता.

आम्ही दोघी पुढंमागं निवृत्त झालो. मग माझ्या भाच्याला इंग्लंडात नोकरी लागली आणि त्यानं मला तीन आठवड्यांसाठी बोलावलं. राजवाडा पाहिला, मोठं घड्याळ पाहिलं, संग्रहालयात पाय मोडेस्तोवर फिरले. भाचा म्हणाला, "मावशी, आता राहिलं काय?" मी त्या गावाचं नाव सांगितलं. त्यानं ते ऐकलेलंही नव्हतं. एका शनिवारी त्यानं मला गाडीनं तिथं सोडलं आणि संध्याकाळी न्यायला येतो म्हणाला.

मी ठरवूनच गेले होते. नदीकडं बघायचं नाही, चर्चकडं बघायचं नाही, बाजारात थांबायचं नाही. थेट किल्ला गाठायचा. पिवळी फुलं कुठंच नव्हती, पानगळ सुरू झालेली. ते एक माझं नशीबच. चढ चढून तिकीटखिडकीशी पोचले आणि जागच्या जागी थांबले. खिडकीला आतून पडदा लावलेला होता. जांभळा खण, हिरव्या काठाचा.

खिडकीत एक पांढऱ्या केसांची म्हातारी बसली होती. तिनं माझं लुगडं पाहिलं आणि उठून बाहेरच आली. "तुम्ही तिच्या गावच्या का?" तिनं इंग्रजीत विचारलं. मी या क्षणासाठी जन्मभर इंग्रजी साठवलं होतं. या किल्ल्याच्या इतिहासाविषयी मला कुतूहल आहे, असं एक सुरेख वाक्य मी गाडीत तयार करून ठेवलं होतं. त्याची कोणाला गरज पडली नाही. तिला बाईंचे गुडघे कसे आहेत ते हवं होतं, बाळ शाळेत जायला लागलं का ते हवं होतं. बाई रोज बाळाची गाडी ढकलत चढ चढून यायच्या, तिच्या खिडकीत बसून चहा प्यायच्या. जाताना बाईंनी तिची ओटी भरली होती, तांदूळ, नारळ आणि हा खण.

"पण तिला इंग्रजी येत नव्हतं," मी म्हणाले. जरा ठासूनच म्हणाले.

"नव्हतं येत."

"मग तुम्ही काय बोलायचात?"

म्हातारीनं थोडा विचार केला. "मी तिला माझ्या नवऱ्याच्या आजारपणाचं सांगितलं. तिनं मला तिच्या नवऱ्याचं सांगितलं, तो गेला त्या दिवसाचं."

"तुम्हाला कसं कळलं, कशाबद्दल बोलतेय ते?"

"कळलं," ती म्हणाली.

माझ्याशी बावीस वर्षांत बाई नवऱ्याबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आम्हा दोघींची भाषा एकच होती तरी. किल्ल्यात पाय ठेवायच्या आधीच मला या म्हातारीचाही हेवा वाटायला लागला.

बुरुजाचं म्हातारीनं आपण होऊन सांगितलं. बाई कधी वर गेल्या नाहीत. खालच्या पायरीवर बसायच्या. ही म्हणायची जा, तुला तिकीट नको. तर बाई असा हात करायच्या, असं म्हणून म्हातारीनं हात पुढं ढकलून दाखवला. नंतर, पुढच्या वेळी, अशा अर्थाचा तो हात असावा. तिनं मलाही फुकट सोडायची तयारी दाखवली. मी पैसे मोजून तिकीट घेतलं.

जिना गोल, अंधारा, धरायला एक दोर. निऱ्या खोचून मी चढले. माझेही गुडघे आता काही नवे नाहीत, दोनदा भिंतीला टेकून उभी राहिले. पण वर पोचले, वारा अंगावर आला, पदर उडाला आणि मी चक्क मोठ्यानं मराठीत म्हणाले, "बघा बाई, आले मी!" तिथं एक जोडपं फोटो काढत होतं, ते बाजूला सरकलं.

मग मी गाव पाहिलं. आधी नदी दिसली. मग चर्च. मग बाजारातले तंबू. मग चर्चच्या अंगणातले ते दगड. एवढं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कोणत्या क्रमानं पाहतेय. असा संताप आला म्हणून सांगू! वीतभर जागा माझी म्हणून मिळाली होती, तिथंही बाई माझ्या आधी येऊन बसल्या होत्या. मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला तोंड केलं. तिकडं गाड्या उभ्या करायचं मैदान होतं. मी तेही नीट पाहून घेतलं.

उतरल्यावर चर्चमध्ये गेले. पायरीपाशी चटई अजून होती. मी चपला काढल्या. काढल्या नसत्या तर तिथल्या लोकांनी गंगाखेडला नावं ठेवली असती.

परत आल्यावर पिशवी ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी बाईंकडं गेले. त्या आता फारशा बाहेर पडत नव्हत्या, पायांवर सूज होती. ओट्यावर बसून वाती वळत होत्या. मी तिकीटखिडकीतल्या म्हातारीनं केलेली विचारपूस सांगितली, खणाचा पडदा सांगितला, चटई सांगितली. बुरूज शेवटी ठेवला.

"बाई, मी बुरुजावर चढले."

"चढलाव?"

"चढले."

"पार वरपस्तोर?"

"वरपर्यंत." आणि मी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिले. त्यांचा चेहरा जरा पडावा, एवढीच माझी इच्छा होती. आयुष्यात एकदा त्यांना माझा हेवा वाटावा. फार नको, चिमूटभर.

बाईंनी वाती बाजूला ठेवल्या, मांडीवर थाप मारली आणि पोरीसारख्या हसल्या. "बरं झालं माय! तुमच्यासाठीच ठेवला व्हता मी त्यो."

मी ओट्याच्या कडेला टेकले.

"काय दिसतंय वरून? सांगा की."

मी सांगितलं. नदी, देऊळ, बाजार, मसणवटा. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. "अन् लेकीचं घर? लाल कौलाचं?"

"सगळीच लाल कौलांची होती, बाई."

"असू द्या. त्यातलंच एक," त्या म्हणाल्या.

घरी येताना मी रस्ताभर धुमसत होते. खरंच माझ्यासाठी ठेवला होता म्हणावं, तर मी मिळवलेली एकुलती एक गोष्टही त्यांनी दिलेली ठरत होती. आणि तसं नव्हतं म्हणावं, म्हातारीनं दाखवलेला हात खरा, बाईंना स्वतःलाच परत जायचं होतं, तर मग बुरूज हातचा गेलेला कळताक्षणी त्यांनी तो उचलून माझ्या ओटीत टाकला होता, डोळ्याची पापणी न लवता. मला ते जन्मात जमलं नसतं. दोन्हीकडून मीच खाली. पुढं तर बाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला माझ्यादेखत सांगायच्या, "आमच्या मॅडम वर चढल्या, वरून आख्खं गाव पाह्यलं." दर खेपेला मला पुन्हा सगळं सांगायला लावायच्या. मी सांगायचे. सांगता सांगता मला ते आवडायला लागलं, हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

बाई गेल्या. मातीला मी पेडगावला गेले. त्यांच्या रीतीप्रमाणं बसवून पुरलं, तळहातावर ते लिंग ठेवून. मसणवट्यात बायका फार आल्या नव्हत्या. मी शेवटपर्यंत थांबले. तिथून नदी कुठं दिसते का ते पाहिलं, दिसत नव्हती.

लेक मातीला पोचू शकली नाही, नंतर आली. मी भेटायला गेले तेव्हा ती त्याच ओट्यावर बसली होती. रडून झालं, बोलणं झालं. त्या बारक्या गावाच्या गोष्टी निघाल्या. धुरी, बंब, कोथिंबीर. ती हसायला लागली, हुबेहूब आईसारखी, मांडीवर थाप मारून.

"आणि मावशी, तो बुरूज! आईला मी किती म्हणायचे, बाळाला मी धरते, तू जाऊन ये वर. तर ती काय म्हणायची माहीत आहे का..."

"चहा गार होतोय बाळा," मी म्हणाले. "आधी चहा घे."

तिनं कप उचलला. मग शेजारची कोणी आली आणि ते बोलणं तिथंच राहिलं. लेक आता तिकडं परत गेली आहे. फोन केला तर एका वाक्यात कळेल. बाईंचा हेवा मला अजून वाटतो, कमी झालेला नाही. पण फोन मी करणार नाही. तेवढं एक मी मागं ठेवलंय.